बिजागरीतून येणारा उजेड

मित्रांनो, ज्याच्या पोटात रोल घालावा लागतो असा मी एक जुना कॅमेरा आहे. सध्या मी काचेच्या कपाटात असतो. माझ्या एका बाजूला बंद पडलेले गजराचे घड्याळ आहे आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी समुद्रकाठून आणलेला शंख. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, “अजून चालतो का हो?” घरातले म्हणतात, “चालत असेल.” तेवढ्यावर विषय संपतो.

म्हणून माझी हकीकत मीच सांगतो. तिच्यात एक बाई आहे. फोटोत एका ठरावीक जागी उभी राहिल्यामुळे तिच्यावर आळ आला. तो आळ कसा आला आणि कसा गेला, हे मला इतरांपेक्षा नीट माहीत आहे, कारण या दोन्ही गोष्टी माझ्या पोटात घडल्या.

आधी त्या पोटाविषयी. कॅमेऱ्याचे भिंग सगळ्यांना दिसते, म्हणून कौतुक भिंगाचे होते. पण कॅमेरा ही मुळात अंधाराची पेटी आहे. रोलवर जो थर लावलेला असतो त्याला उजेड लागला की तो बदलतो, आणि एकदा बदलला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्यामुळे उजेड आत यायचा तो फक्त भिंगातून, आणि तोही पापणी लवेल इतकाच वेळ. बाकी सर्व वेळ आत काळाकुट्ट अंधार हवा. अंधार राखणे हे माझे खरे काम. ते नीट झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलांची रांग होती. एका टेबलावर मला धातूचा सांगाडा मिळाला, एकावर आरसा, एकावर भिंग. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसत असे. तिच्या हातात चिमटा आणि समोर काळ्या स्पंजाच्या बारीक पट्ट्या. माझ्या पाठीला एक दार आहे. रोल घालण्यासाठी ते उघडते. त्या दाराभोवती खाच आहे. तिने त्या खाचेत वर आणि खाली एकेक पट्टी बसवली आणि बिजागरीपाशी एक रुंद तुकडा चिकटवला. मग दार लावले. ‘खट्’ असा आवाज झाला आणि आत अंधार झाला. तिने दार पुन्हा उघडून पट्ट्यांवरून बोट फिरवले आणि मला पुढे सरकवले.

धातू टिकतो, काच टिकते. स्पंज टिकत नाही. हवेतला ओलावा आणि ऊब त्याला हळूहळू खातात. आधी तो चिकट होतो, मग डांबरासारखा होतो आणि शेवटी त्याचा भुगा पडतो. म्हणजे माझ्यातली सर्वांत कमी टिकणारी वस्तू अंधार राखायच्या जागी बसवलेली होती. ही तक्रार नाही. रचना अशी होती, एवढेच.

माझा पहिला मालक शाळांमधून वर्गांचे फोटो काढायचा. “हलू नका रे, हललात तर भुतं दिसाल,” असे तो प्रत्येक वर्गाला सांगायचा, आणि ते ऐकून प्रत्येक वर्ग हसून हलायचा. त्याने पुढे मोठा कॅमेरा घेतला. माझी कातडी पिशवी त्याच्याकडेच राहिली आणि मी उघडाच एका वायरमनच्या घरी गेलो. त्या वायरमनला घरात भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणतो.

भाऊचे घर दुमजली होते. खाली पडद्यांचे दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकान भाऊच्या वडिलांचे. ते गेल्यावर भाऊची बायको चालवायची. तिला मी वहिनी म्हणेन, कारण भाऊची धाकटी बहीण तिला तशीच हाक मारायची. वरच्या पुढच्या खोलीत खिडकीशेजारी एक खुंटी होती. ती माझी जागा. मी पट्ट्याने टांगलेला असे. भिंग खोलीकडे, पाठ भिंतीकडे आणि बिजागरीची बाजू खिडकीकडे. सकाळचे ऊन थेट त्या बाजूवर पडायचे. तेव्हा त्याचे कुणालाच काही वाटले नाही. मलाही नाही.

या घराला फोटो काढण्याच्या दोन सवयी होत्या. पुढचे सगळे त्या दोन सवयींतून घडले, म्हणून त्या आधीच सांगतो. एक म्हणजे, कुठेही गेले, कुणीही आले, तरी अखेरचा फोटो सगळ्यांचा. “चला, शेवटी सगळ्यांचा एक!” अशी भाऊची हाक यायची. मग तो मला स्टुलावर ठेवायचा, टायमर लावायचा आणि पळत जाऊन रांगेत उभा राहायचा. रांग वयाप्रमाणे लागायची, सर्वांत मोठे माणूस फोटोच्या डाव्या टोकाला. दुसरी सवय एकट्या भाऊची. फोटो निघाला रे निघाला, की तो माझी दांडी ओढून रोल एक घर पुढे सरकवायचा. “उद्या दारात वाघ आला, तर काय दांडी ओढत बसू?” असे त्याचे म्हणणे. वाघ कधी आला नाही. दांडी मात्र तो एकदाही विसरला नाही.

ती माझी चांगली वर्षे होती. बसस्टँडवर, नदीच्या घाटावर, दुकानाच्या नव्या पाटीखाली मी या माणसांना टिपले. फोटो आले की आधी भांडण व्हायचे, की कोण जाड दिसते. मग सगळे म्हणायचे, “कॅमेरा मात्र अव्वल आहे हं.”

मग भाऊची मोठी बहीण नवऱ्याचे घर सोडून परत आली. भाऊ आणि धाकटी तिला ताई म्हणत, वहिनी वन्सं म्हणे आणि भाऊची मुलगी आत्या. मी त्या मुलीचे ऐकून आत्या म्हणू लागलो. आत्या का परत आली, हे मला ठाऊक नाही. ती त्याबद्दल त्या खोलीत कधी बोलली नाही आणि मी त्या खोलीबाहेर फारसा जात नसे. ती लवकरच दुकानातल्या कापायच्या टेबलाशी उभी राहिली. तिची कात्री कापडावरून रेघ मारल्यासारखी सरळ जाते, असे वहिनीच वर येऊन सांगायची. वयाने मोठी म्हणून फोटोतले डावे टोक आत्याचे झाले.

त्याच वर्षी माझ्या बिजागरीपाशी असलेला स्पंज वितळला.

रोल धुऊन आला तेव्हा सगळ्यांच्या फोटोत डाव्या कडेने एक लालभडक पट्टा उठलेला होता. आत्याचा अर्धा चेहरा त्यात बुडाला होता. बाकीचे सगळे स्वच्छ. पुढच्या रोलमध्ये तेच. त्याच्या पुढच्यातही तेच.

“वन्सं, जाळ बरा तुम्हालाच शोधत येतो हो!” वहिनी म्हणाली. ती हसत म्हणाली होती. पण घरात हसत म्हटलेले वाक्य फार टिकते. पुढच्या खेपेला पुन्हा जाळ उठला तेव्हा ती हसली नाही. “तसं काही नाही म्हणा,” ती म्हणाली, “पण ह्या आल्या त्या वर्षापासूनच सुरू झालंय.”

हे खरे होते. म्हणूनच अवघड होते.

भाऊला ते आवडले नाही. तो मला घेऊन बसला. त्याच्याकडे तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी होती. फोटोत जाळ डाव्या बाजूला येतो, म्हणून त्याने माझ्या डाव्या बाजूची फट पट्टी लावून बंद केली. पुढच्या फोटोत जाळ आलाच. त्याने जुनी पट्टी काढून दुप्पट जाड लावली. तरी आला. मग तो हताश होऊन म्हणाला, “कॅमेऱ्याचा दोष असता तर एव्हाना गेला असता.” आत्या तेव्हा दारात उभी होती. तिने ते ऐकले.

पुढच्या वेळी “शेवटी सगळ्यांचा एक” अशी हाक आली तेव्हा आत्या रांगेत गेली नाही. “तुम्ही उभे राहा. मी काढते,” ती म्हणाली. तिने खटका दाबला, मला भाऊच्या हातात दिले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिने रोल पुढे सरकवला नव्हता, म्हणून भाऊने दांडी ओढायला हात नेला, पण तिच्या पाठीकडे बघता बघता तो ते विसरला. वर मी एकदाही विसरला नाही असे म्हटले, ते त्याने स्वतः काढलेल्या फोटोंबद्दल. तिने काढलेल्या फोटोनंतर तो पुढेही कधी दांडी ओढत नसे.

तो फोटो स्वच्छ आला. एकाही चेहऱ्यावर डाग नाही. त्यानंतर सगळ्यांचा फोटो आत्याच काढायची, आणि ते सगळे फोटो स्वच्छ यायचे.

असेच दिवस गेले. घराच्या अल्बममध्ये सगळे मोठे होत गेले, पिकत गेले. आत्या त्यात नव्हती.

धाकटी नर्स होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला दूर देशात कायमची नोकरी मिळाली. निघायच्या आधी ती माहेरी राहायला आली आणि चहा घेताना म्हणाली, “ताई, जायच्या आत मला आपला तिघा भावंडांचा एक फोटो हवाय.”

“तुम्ही दोघं उभे राहा, मी काढते.”

“तिघांचा म्हणतेय मी.”

“अगं, माझ्यापायी खराब होईल. तिकडे जाऊन जाळ बघत बसशील.”

“मग स्टुडिओत जाऊ,” भाऊ म्हणाला. “त्याचा कॅमेरा नवा आहे.”

“कॅमेरा बदलला म्हणून मी बदलते का?” आत्या म्हणाली. तिने ते इतक्या सहजपणे म्हटले, की ती हे स्वतःशी कितीतरी वेळा बोलली असावी, असे मला वाटले.

“तुझा एकही फोटो नाही माझ्याकडे,” धाकटी म्हणाली. “तिकडे कुणी विचारलं, तुझी बहीण कशी दिसते, तर काय सांगू? चष्मा लावते आणि कात्री धरते?”

“सांग की. खोटं काय आहे त्यात?”

धाकटीने कप खाली ठेवला. “तू नसशील तर मला फोटोच नको. मी तशीच जाईन.”

भाऊची मुलगी खिडकीत बसून हे ऐकत होती. ती तोवर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकू लागली होती. जाड काचांचा चष्मा आणि एका जागी न ठरणारे पाय यांमुळे घरात तिला भिंगरी म्हणत. ती म्हणाली, “निगेटिव्ह कुठे आहेत?”

“फोटो आहेत की अल्बममध्ये,” वहिनी म्हणाली.

“फोटो नकोत. निगेटिव्ह.”

ते बिस्किटांच्या डब्यात होते. खराब आलेले फोटो वहिनी फेकून द्यायची. निगेटिव्ह कुणी फेकले नव्हते, कारण त्यांच्याकडे कुणी पाहतच नसे. भिंगरीने एकेक पट्टी खिडकीच्या काचेवर धरली. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. जिथे उजेड जास्त लागला ती जागा काळी दिसते. तिने चष्मा कपाळावर चढवून पट्टी डोळ्यांशी नेली.

“बाबा, हे बघा,” ती म्हणाली. “डाग फोटोपुरता थांबलेला नाही. चौकट ओलांडून पार रोलच्या कडेच्या भोकांपर्यंत गेलाय.”

“मग?”

“भिंगातून आलेला उजेड चौकटीबाहेर पाय टाकत नाही. टाकूच शकत नाही. आत्याच्या अंगात काय असेल ते असो, ते यायचं तर भिंगातूनच येणार ना? हा उजेड मागून आलाय. दारातून.”

तिने दुसरी पट्टी धरली. ही नंतरच्या वर्षांतली, आत्या फोटो काढू लागल्यानंतरची. सगळ्यांचा फोटो स्वच्छ होता. पण त्याच्या आधीचा जो फोटो होता, त्याच्या कडेला तसाच काळा डाग होता. त्या फोटोत माणूस नव्हते. दुकानात लावलेला एक नवा पडदा होता. दुसऱ्या रोलमध्येही अखेरून दुसऱ्या फोटोवर डाग. तिसऱ्यातही. असल्या फोटोंत कुणाला रस नसल्यामुळे ते केराच्या टोपलीत गेले होते.

“आई, हा बघ. यात आत्या नाही. निळा पडदा आहे.”

“हो, दिसतोय मला.”

“मग या पडद्यानं कुणाचं घर सोडलं होतं?”

वहिनीने नजर खाली घेतली. आत्या म्हणाली, “आईशी असं बोलू नये.” पण तिने हात पुढे करून ती पट्टी मागून घेतली आणि खिडकीशी गेली.

भाऊ मात्र अडून बसला. “अगं, मी फट बुजवली होती. दोनदा. जाळ डावीकडे, पट्टी डावीकडे.”

“तिथंच तर सगळं अडलं,” भिंगरी म्हणाली. “आत्या, तुझा तो नक्षी उतरवायचा पातळ कागद दे.”

मी त्या वेळी रिकामा होतो. तिने मला खुंटीवरून काढून टेबलावर ठेवले, माझे पाठीचे दार सताड उघडले आणि जिथे रोल ताणलेला असतो त्या चौकटीवर तो पातळ कागद चिकटवला. मग भिंगामागे उजेड अडवणारा माझा पडदा उघडा राहील अशी कळ दाबून धरली. “आत्या, समोर जाऊन उभी राहा. फोटोच्या डाव्या टोकाला असतेस तशी.”

“रोल नाही ना आत?”

“नाही.”

आत्या जाऊन उभी राहिली. कागदावर खोली उमटली, लहान आणि ओली असल्यासारखी चकाकणारी. त्यात आत्या डोके खाली पाय वर अशी होती, आणि डावीकडे नव्हती. ती उजव्या कडेला होती, बिजागरीला अगदी चिकटून.

भाऊ वाकून बघत राहिला. भिंग प्रत्येक गोष्ट उलटी करते, वरचे खाली आणि डावे उजवीकडे. भिंगरीने ते पुस्तकात वाचले होते. मी ते प्रत्येक फोटोत करत आलो होतो.

“म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला?” भाऊ म्हणाला.

“आणि औषध लागू पडलं नाही, म्हणून तुम्ही ठरवलंत की रोग ताईला आहे!” धाकटी म्हणाली.

भाऊने कान पकडले. पण आत्या तिथूनच म्हणाली, “कागदावर काय, काहीही उलटं करता येतं. रोलवर दाखव.”

मला तिचे हे म्हणणे आवडले. तिने नुसते समजुतीचे बोलणे मानले नाही.

भिंगरीने नवा रोल घातला आणि भिंगावर टोपी चढवली, म्हणजे पुढून उजेड येणारच नाही. टोपीसकटच ती फोटो काढायची, रोल सरकवायची आणि मला उन्हात ठेवायची. एकदा बिजागरी उघडी, एकदा काळ्या पट्टीने झाकलेली. बाकी काही बदलायचे नाही. ऊन तेच, जागा तीच, वेळ तितकाच. रोल संपल्यावर ती आत्याला घेऊन स्टुडिओत गेली. तिथे काय झाले ते तिने घरी येऊन नकला करत सांगितले. स्टुडिओवाला रोल धुऊन बाहेर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “ताई, वाईट बातमी आहे. सगळा रोल कोरा आहे. तुम्ही बहुतेक टोपी काढायला विसरलात.”

“कोराच हवा होता,” भिंगरी म्हणाली. त्याने आत्याकडे पाहिले, की ही मुलगी बरी आहे ना. आत्या म्हणाली, “कॉलेजात आहे.” त्याला तेवढे पुरले.

रोल सगळा कोरा नव्हता. बिजागरी उघडी होती त्या प्रत्येक खेपेला एक डाग होता. झाकलेली होती तेव्हा एकही नाही.

आता फक्त एक गोष्ट उरली होती, आणि ती आत्यानेच विचारली. “मग मी काढायला लागल्यावर सगळ्यांचे फोटो चांगले का येत होते?”

भिंगरीने भाऊच्या दांडी ओढायच्या सवयीची आठवण करून दिली. काढून झालेला फोटो रोल सरकवला की बिजागरीपाशी येऊन थांबतो. मी जितके दिवस खुंटीवर, तितके दिवस तो फोटो तिथे, उन्हाच्या शेजारी. भाऊ लगेच रोल सरकवायचा, म्हणून सगळ्यांचा फोटो तिथे जाऊन बसायचा. आत्या रोल न सरकवता मला परत द्यायची, म्हणून सगळ्यांचा फोटो भिंगासमोरच, मागच्या धातूच्या पाटीखाली सुरक्षित राहायचा, आणि बिजागरीपाशी त्याच्या आधीचा असायचा.

“म्हणजे डाग गेलाच नव्हता,” भिंगरी म्हणाली. “एक घर मागे सरकला होता.”

आत्याने निगेटिव्हची पट्टी पुन्हा एकदा उजेडात धरली. मग म्हणाली, “उघड ते दार. बघू काय कुजलंय आत.”

दुरुस्ती दुकानातल्या कापायच्या टेबलावर झाली. भिंगरीने आधी माझ्या पडद्यावर कागद धरला, कारण त्या नाजूक पडद्यावर घाण पडली तर मी कायमचा बाद झालो असतो. मग काडीपेटीच्या काडीचे टोक चपटे करून आणि ते स्पिरिटमध्ये बुडवून तिने जुना स्पंज खरवडला. तो काळ्या गुळासारखा निघाला. तिच्या बोटांना लागला, चष्म्याला लागला, वहिनीच्या नव्या कापडाला लागता लागता राहिला. “अगं, दुकान आहे का गॅरेज?” वहिनी ओरडली. पण जुन्या चिंध्यांचा गठ्ठा तीच घेऊन आली.

वरच्या खालच्या खाचेत काळ्या लोकरीचा धागा नीट बसला. बिजागरीसाठी भिंगरीने काळ्या मखमलीचा तुकडा कापला. चिकटवून दार लावले, तर ते लागेना. जोर लावून लावले, तर आपोआप उघडले.

“मखमल जाड आहे,” आत्या म्हणाली. “चौकटीला दाटून बसलेला पडदा सरकत नाही, माहीत नाही का? हो बाजूला.” तिने पडद्यांच्या मागे लावतात ते दाट विणीचे काळे अस्तर घेतले आणि एक पट्टी कापली. तिने मोजले नाही. पट्टी बसवली, दार लावले. कारखान्यातून निघाल्यापासून तसा ‘खट्’ आवाज माझ्यातून निघाला नव्हता.

फोटो दुकानाच्या पायऱ्यांवर काढायचे ठरले. तिघे भावंडे उभी राहणार, म्हणून खटका कुणीतरी चौथ्याने दाबायला हवा होता. भिंगरीने मला वहिनीच्या हातात दिले.

“मला नाही जमणार,” वहिनी म्हणाली.

“नुसतं दाबायचं आहे, आई.”

“ताई, तू मधे उभी राहा,” धाकटी म्हणाली. “मधे काही होत नाही. टोकाला मी राहते.”

“मधे उभी राहिले तर कळणार कसं?” आत्या म्हणाली. “मी माझ्या जागी राहते.”

ती डाव्या टोकाला गेली. भाऊ मधे, धाकटी उजवीकडे. वहिनीने मला डोळ्याला लावले. “वन्सं, जरा हनुवटी वर,” ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “हां. आता छान.” आणि तिने खटका दाबला.

“बाबा, दांडी,” भिंगरी म्हणाली. “नेहमीसारखी. आणि नेहमीच्याच खुंटीवर.”

भाऊने दांडी ओढली आणि मला खिडकीशेजारी टांगले. म्हणजे तो फोटो आता बिजागरीपाशी येऊन बसला होता, जिथे तो जळायला हवा. सकाळी ऊन आले. दुसऱ्या सकाळीही आले. धाकटीच्या बॅगा भरून होत आल्या. आत्या खोलीत आली की माझ्याकडे पाहायची नाही. वहिनी मात्र येता-जाता पाहायची. एकदा तिने खिडकीचा पडदा ओढून घ्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

धाकटी निघायच्या आदल्या दिवशी, रोल अर्धा रिकामा असतानाच, भाऊ तो धुऊन घेऊन आला. पाकीट त्याने उघडले नव्हते. त्याने ते आत्याच्या हातात दिले.

फोटो कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ होता. डाव्या टोकाला दुकानाची भिंत होती, भिंतीचा उडालेला रंग होता आणि आत्या होती. पूर्ण होती. हनुवटी वर, हात पदराला पुसून घेतल्यासारखे, आणि डोळे घट्ट मिटलेले. नेमक्या त्याच क्षणी तिने डोळे मिटले होते.

सगळे तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. वहिनी म्हणाली, “वन्सं, आणखी एक काढू या का? आता, उजेड आहे तोवर. डोळे उघडे ठेवून.”

“नको,” आत्या म्हणाली. ती फोटोवरून नजर काढत नव्हती. “डोळे मिटलेत ते माझे मी मिटलेत.”

आणि ती हसू लागली. मग धाकटी हसली, आणि मग सगळेच, वहिनी डोळे पुसत. धाकटीने दुसऱ्या दिवशी तो फोटो हातातल्या पर्समध्ये ठेवून नेला. तिकडे तिने तो भिंतीवर लावला आणि आलागेला विचारतो, ही झोपलेली बाई कोण, असे तिने पत्रात कळवले.

त्यानंतर आत्या सगळ्यांच्या फोटोंत आहे. काहींत तिचे डोळे उघडे आहेत. पुढे खिशात मावणारे फोन आले, ज्यांना रोल लागत नाही आणि दारही नसते, आणि मी खुंटीवरून कपाटात आलो. मला त्याबद्दल राग नाही. माणसे उजेड गोळा करत राहिली, एवढे पुरे.

पण मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. तिला केवळ बाहेरून पुसून ठेवू नका. वर्षातून एकदा तरी तिचे दार उघडा. कडेच्या पट्टीवर नख टेकवून पाहा, नखाला काळे लागते का. आणि तिच्या कामात डाग दिसू लागला, तर त्या डागाशेजारी कोण उभे आहे, हे आधी पाहू नका. आधी मला उघडा. दोष माझ्यात निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. मी वस्तू आहे, मला दुरुस्त करता येते.